सूर्याच्या वाऱ्यातली घाटवळणे

व्हॉट्सअॅपच्या ग्रुपांवरून एक मजकूर अधूनमधून फिरत येतो. ‘सूर्याचे चुंबकत्व उलटले! शास्त्रज्ञ हादरले!’ खाली लालभडक सूर्याचे चित्र, आणि शेवटी हा मजकूर दहा जणांना पाठवण्याचा आग्रह. कुणी त्याला कयामतच्या निशाण्यांशी जोडतो. कुणी म्हणतो, आता होकायंत्रे उलटी फिरणार, होड्या वाट चुकणार. कुणी विचारतो, मग किबला दाखवणाऱ्या अॅपवर भरवसा ठेवायचा की नाही? आमच्याकडे नाटे परिसरात घरटी कुणी ना कुणी समुद्रावर जाणारा, त्यामुळे असा मजकूर नुसता हसून सोडून देता येत नाही. आई, बायको, बहीण घाबरते. शाळेतली मुले दुसऱ्या दिवशी येऊन विचारतात.

दीनाच्या गोष्टी आलिमांनी सांगाव्यात. आम्ही मास्तर माणसे, मोजमापाची गोष्ट तेवढी सांगू शकतो. ती अशी की, ‘चुंबकत्व उलटणे’ या दोन शब्दांत तीन अगदी वेगवेगळ्या घटना कोंबल्या जातात. त्या एकेक सुट्या करून पाहिल्या तर भीती उरत नाही, आणि नवल मात्र वाढते.

पहिली घटना पृथ्वीची. आपली पृथ्वी एक मोठा चुंबक आहे आणि तिचे उत्तर-दक्षिण ध्रुव भूतकाळात अनेकदा अदलाबदल झाले आहेत. शेवटची अदलाबदल सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी झाली. याचा पुरावा पाहायला परदेशात जावे लागत नाही. सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. लाव्हा थंड होताना त्यातले लोहयुक्त कण त्या वेळच्या चुंबकीय दिशेत अडकून बसतात. आपल्या डोंगरांतल्या पुष्कळशा थरांत ही दिशा आजच्या नेमकी उलट सापडते. म्हणजे ज्या कातळावर आपण उभे आहोत, त्याच्या पोटात एक थिजलेले उलटे होकायंत्र आहे. ही अदलाबदल व्हायला हजारो वर्षे लागतात. आज रात्री झोपलो आणि उद्या फजरला उठून पाहतो तर ध्रुव बदललेले, असे होत नाही.

दुसरी घटना सूर्याची. सूर्याचे चुंबकीय ध्रुव दर अकरा वर्षांच्या आसपास अदलाबदल करतात. सूर्यावरचे डाग वाढत जाऊन कमाल होतात, त्याच सुमारास हे घडते. सूर्य या कमाल काळात पोहोचल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले, आणि मजकूर फिरवणाऱ्यांना तेवढे निमित्त पुरले. पण तुमच्या-आमच्या आयुष्यात हे तीन-चार वेळा होऊन गेले आहे. दादा-दादींच्या आयुष्यात सहा-सात वेळा. सूर्य पूर्वेलाच उगवत राहिला.

तिसरी घटना सर्वांत नवी आणि आमच्या मते सर्वांत सुरस. ती सूर्यावरची नाही, सूर्यापासून वाहणाऱ्या वाऱ्यातली आहे. आज तिच्याबद्दलच जरा सावकाश बोलू.

सूर्यापासून फक्त प्रकाश आणि उष्णता येत नाही. विद्युतभारित कणांचा एक अखंड झोत सगळीकडे वाहत असतो. त्याला सौरवारा म्हणतात. त्याचा वेग सेकंदाला साधारण ३०० ते ८०० किलोमीटर. प्रकाशाला आपल्यापर्यंत यायला सव्वाआठ मिनिटे लागतात, या वाऱ्याला दोन ते चार-पाच दिवस. असा वारा असला पाहिजे, हे १९५८ मध्ये युजीन पार्कर या तरुण अमेरिकी शास्त्रज्ञाने गणिताने मांडले. त्याचा लेख नियतकालिकाकडे गेला तेव्हा दोन्ही परीक्षकांनी तो नाकारला. संपादक होते लाहोरला जन्मलेले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. त्यांनाही ही कल्पना पटली नव्हती. पण गणितात चूक दाखवता येत नाही, मग लेख अडवायचा कशाच्या आधारावर? त्यांनी तो छापला. पुढे १९५९ च्या रशियन लूना यानांनी आणि १९६२ च्या मरिनर-२ यानाने हा वारा प्रत्यक्ष मोजला. स्वतःला न पटलेली गोष्टही केवळ पुराव्याच्या न्यायाने मान्य करणारा संपादक नसता, तर ही गोष्ट तिथेच थांबली असती.

हा वारा आपल्याबरोबर सूर्याचे चुंबकीय क्षेत्रही ओढून आणतो. सूर्यापासून निघालेले असंख्य अदृश्य दोर बाहेरच्या दिशेने ताणले गेले आहेत, अशी कल्पना करा. सूर्याच्या जवळ हे दोर बरेचसे सरळ असावेत, अशी अपेक्षा होती. दूरवरून गेलेल्या काही यानांना मधूनच एखादा दोर उलट्या दिशेला वळलेला दिसला होता, पण तो अपवाद वाटला.

१२ ऑगस्ट २०१८ रोजी नासाने सूर्याकडे एक यान सोडले. त्याला पार्कर यांचेच नाव दिले. हयात माणसाचे नाव नासाने मोहिमेला देण्याची ती पहिली वेळ, आणि नव्वदी ओलांडलेले पार्कर ते उड्डाण पाहायला हजर होते. नोव्हेंबर २०१८ मध्ये हे यान सूर्यापासून सुमारे अडीच कोटी किलोमीटरवरून गेले. यानावरच्या चुंबकमापकाने जे पाठवले त्याने शास्त्रज्ञ चकित झाले. चुंबकीय क्षेत्राची दिशा एका क्षणी बाहेरच्या बाजूला, दुसऱ्या क्षणी सूर्याकडे, पुन्हा बाहेर. कधी काही सेकंद, कधी काही मिनिटे. एकामागून एक, शेकडो वेळा. दिशा अशी गर्रकन फिरत होती, पण क्षेत्राची ताकद जवळजवळ तेवढीच राहत होती. आणि प्रत्येक उलट्या वळणाबरोबर वाऱ्याचा वेग एकाएकी वाढत होता. २०१९ च्या डिसेंबरात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

या वळणांना इंग्रजीत ‘स्विचबॅक’ म्हणतात. डोंगररस्त्याच्या तीव्र वळणाला तोच शब्द आहे. आपल्याला तर हे समजायला सोपे. राजापूरहून अणुस्कुरा घाटाने कोल्हापूरकडे निघालेली एसटी आठवा. गाडी पूर्वेला जाते आहे, पण अवघड वळणावर तिचे तोंड पुन्हा कोकणाकडे होते. थोडा वेळ डावीकडच्या प्रवाशांवरचे ऊन उजवीकडच्यांवर येते. झोपेतून नुकता जागा झालेला मुलगा विचारील, ‘अब्बा, गाडी परत घरी चालली का?’ नाही. रस्ता वळला आहे, प्रवास वळलेला नाही.

पण इथे हुशार मुलीने शंका काढावी. ही नुसती घडी आहे, खरोखरच वेगळ्या ध्रुवाकडून आलेला दुसरा दोर नाही, हे शास्त्रज्ञांना कसे कळले? यान तर एका वेळी एकाच ठिकाणी असते. त्याला सगळा दोर दिसत नाही.

उत्तर फार सुंदर आहे. प्रत्येक चुंबकीय दोरावर दिशेचा बाण रंगवला आहे असे समजा. काही दोरांवर बाण सूर्यापासून बाहेर, तर काहींवर सूर्याकडे. या दोरांवरून सूर्याकडचे तापलेले इलेक्ट्रॉन प्रवाशांसारखे धावत असतात. ते नेहमी सूर्याकडून निघतात आणि दोराला धरूनच जातात. आता यानाला बाण सूर्याकडे वळलेला दिसला. दोर खरोखरच दुसऱ्या प्रकारचा असेल, तर प्रवासी बाणाच्या विरुद्ध, म्हणजे सूर्यापासून दूर जाताना दिसतील. पण दोर मूळचा बाहेरच्या बाणाचाच असून त्याला घडी पडली असेल, तर प्रवासीही घडीबरोबर वळतील आणि तेवढ्यापुरते बाणाच्याच दिशेने सूर्याकडे धावताना दिसतील. पार्कर यानाला हेच दिसले. बाण वळला आणि प्रवासीही बाणाबरोबर वळले. म्हणजे ही दोरातली घडी. ‘एस’ या अक्षरासारखी.

मुलांनो, हा प्रयोग घरी करता येईल. जाड दोराचे एक टोक दाराच्या कडीला बांधा, दुसरे हातात धरा आणि एक जोरदार झटका द्या. एक उंचवटा दोरावरून पळत जाईल. दोर जागच्या जागी आहे, घडी मात्र पुढे गेली आणि तिच्याबरोबर तुमच्या हाताची शक्तीही दारापर्यंत पोहोचली. कडी खडखडते ती त्यामुळेच. सूर्याजवळच्या घड्या अशाच शक्ती वाहून नेतात.

ही शक्ती महत्त्वाची का? कारण सूर्याचे एक जुने कोडे आहे. सूर्याच्या दिसणाऱ्या पृष्ठभागाचे तापमान साधारण ५,५०० अंश सेल्सिअस. त्याच्या वर जे विरळ वातावरण आहे, खग्रास ग्रहणात पांढऱ्या पिसाऱ्यासारखे दिसते ते, त्याचे तापमान मात्र दहा लाख अंशांच्याही वर. चुलीपासून लांब गेल्यावर जास्त चटका बसावा, तसा हा प्रकार. उष्णता तिथे पोहोचते कशी आणि वाऱ्याला एवढा वेग येतो कुठून? २०२२ च्या फेब्रुवारीत एक योग जुळून आला. सूर्याजवळ असलेल्या पार्कर यानावरून गेलेला वाऱ्याचा झोत सुमारे दोन दिवसांनी युरोपच्या सोलर ऑर्बिटर यानावरून गेला. एकाच झोताची दोन ठिकाणची मोजणी मिळाली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की, वाटेत या लाटा आणि घड्या विरत गेल्या आणि त्यांची शक्ती वाऱ्याला तापवण्यात व पळवण्यात खर्ची पडली. म्हणजे कोड्याचा एक मोठा तुकडा हाती आला.

घड्या मुळात पडतात कशा, यावर अजून वाद आहे. एक पक्ष म्हणतो, सूर्याच्या पृष्ठभागाजवळ बंद कमानीसारखी चुंबकीय क्षेत्रे असतात. मोकळा दोर अशा कमानीला भिडला की दोन्ही तुटून नव्याने जोडले जातात, आणि त्या झटक्याने घडी पडते. सोलर ऑर्बिटरने मार्च २०२२ मध्ये सूर्याच्या वातावरणातल्या अशा एका वळणाचे चित्रच टिपले, ते या मताला बळ देते. दुसरा पक्ष म्हणतो, छोट्या लाटा वाऱ्याबरोबर बाहेर जाताना आपोआप फुगत जातात आणि शेवटी उलटतात, किनाऱ्याकडे येणारी लाट फुटते तशा. दोघांकडेही पुरावे आहेत. पार्कर यान २४ डिसेंबर २०२४ रोजी सूर्यापासून फक्त ६१ लाख किलोमीटरवर पोहोचले, ताशी सुमारे ६ लाख ९० हजार किलोमीटर वेगाने. सुमारे साडेचार इंच जाडीची कार्बनची ढाल पुढे धरून, तिच्या सावलीत आपली यंत्रे गार ठेवून. माणसाने बनवलेली दुसरी कोणतीही वस्तू सूर्याच्या इतकी जवळ गेलेली नाही. त्या मोजण्यांवर आज अभ्यास चालू आहे.

आता आपल्या दारापाशी येऊ. या वाऱ्याचा आणि आपला संबंध काय?

रोजचा सौरवारा पृथ्वीचे चुंबकीय कवच अडवते. पण कधी कधी सूर्यावर स्फोट होऊन मोठा ढग निघतो. त्या ढगातले चुंबकीय क्षेत्र पृथ्वीपाशी येताना उत्तरेकडे वळलेले असेल तर फार बिघडत नाही. ते दक्षिणेकडे वळलेले असेल तर पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडले जाते, कवचाला वाट पडते आणि चुंबकीय वादळ उठते. म्हणजे वाऱ्याच्या जोराइतकीच त्यातल्या चुंबकत्वाची दिशाही महत्त्वाची. १३ मार्च १९८९ रोजी अशा वादळाने कॅनडाच्या क्युबेक प्रांतात सुमारे नऊ तास वीज गेली. मे २०२४ च्या वादळात लडाखमधल्या हानले येथून आकाशात लाल प्रभा दिसली.

आतापर्यंत नोंदलेल्यांपैकी सर्वांत मोठ्या वादळांत १८५९ चे वादळ गणले जाते, आणि त्याची एक मोलाची नोंद आपल्या मुंबईच्या कुलाब्याची आहे. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर झगमगता स्फोट पाहिला. साडेसतरा तासांच्या सुमारास त्याचा ढग पृथ्वीवर आदळला. कुलाब्याच्या वेधशाळेत तेव्हा माणसे ठरल्या वेळी काट्याकडे पाहून हाताने आकडे लिहीत. २ सप्टेंबरच्या त्या नोंदींत पृथ्वीचे आडवे चुंबकीय क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने घसरलेले दिसते. नेहमीच्या ताकदीचे साधारण चार टक्के. लिहिणाऱ्यांना त्याचा अर्थ ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांनी आकडा होता तसा लिहिला. २००३ मध्ये अमेरिका व ब्राझीलच्या शास्त्रज्ञांबरोबर आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या जी. एस. लखिना आणि एस. अॅलेक्स यांनी त्याच वह्यांवरून वादळाचा जोर नव्याने मांडला. १४४ वर्षांनी ते आकडे कामी आले.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले. विजेच्या तारांजवळ नाजूक चुंबकीय मोजणी होणे शक्य नव्हते. तेव्हा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांच्या काळात हे काम १९०४ मध्ये अलिबागला हलवले. दोन्ही ठिकाणी काही काळ बरोबरीने मोजणी घेतली, म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा निखळू नये. अलिबागची ती वेधशाळा आजही चालू आहे. तिची मातृसंस्था नवीन पनवेलला आहे. अलिबाग आपल्याच किनाऱ्यावर आहे, पण समुद्राला पाठ करून सूर्याच्या वाऱ्याचा हिशेब ठेवणारी ही इमारत आपल्यापैकी किती जणांना माहीत असते?

आता हे काम अवकाशातूनही होते. २ सप्टेंबर २०२३ रोजी इस्रोने आदित्य-एल१ सोडले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी ते पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या दिशेला, आपल्या कक्षेत बसले. ते पार्करसारखे सूर्याजवळ जात नाही. ते आपल्या उंबऱ्यावर उभा राहिलेला राखणदार आहे. येणाऱ्या वाऱ्याचे कण आणि त्यातल्या चुंबकत्वाची दिशा ते आधी मोजते. त्याच्या सात उपकरणांपैकी अतिनील किरणांत सूर्याची चित्रे काढणारी दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेने बनवली आहे. आणि या मोहिमेच्या प्रकल्प संचालक होत्या निगार शाजी, तामिळनाडूतल्या सेंगोट्टई गावच्या मुस्लिम कुटुंबातल्या. गावातल्या सरकारी शाळेत शिकून त्या अभियंता झाल्या आणि १९८७ मध्ये इस्रोत दाखल झाल्या. दहावीनंतर मुलीला पुढे पाठवायचे की नाही, याचा विचार ज्या घरांत चालू असेल, त्या घरांतल्या अम्मी-अब्बांनी हे नाव लक्षात ठेवावे. सेंगोट्टईही आपल्या नाट्यासारखे शहरापासून लांबचे गाव.

शेवटी घरातल्या आणि होडीवरच्या प्रश्नांची थोडक्यात उत्तरे.

होकायंत्र उलटे फिरेल का? नाही. सौरवाऱ्यातल्या घड्या सूर्याजवळ असतात, त्या आपल्या सुईपर्यंत पोहोचत नाहीत. मोठ्या वादळातही आपल्या भागात सुई डोळ्यांना दिसेल इतकी ढळणे कठीण. होकायंत्राला खरा धोका जवळचाच. त्याच्या शेजारी ठेवलेला मोबाइल, स्पीकर, लोखंडी पाना. ते दूर ठेवा.

जीपीएसचे काय? इथे मात्र काळजी घ्यावी. वादळात वरच्या वातावरणातला विद्युतभारित थर खवळतो. उपग्रहाचा संदेश त्यातून येताना रखडतो आणि पडद्यावरची जागा काही मीटरांपासून काही वेळा दहा-वीस मीटर किंवा अधिकही चुकते. खुल्या समुद्रात याने फरक पडत नाही, पण अंधारात खडकांच्या बाजूने बंदरात शिरताना पडतो. तेव्हा तांडेलांनी फक्त पडद्यावर विसंबू नये. दीपगृहाचा उजेड, किनाऱ्याच्या खुणा आणि होकायंत्र, वडीलधाऱ्यांची ही विद्या पोरांना शिकवून ठेवावी.

आणि किबला? नाट्याहून किबल्याची दिशा पश्चिमेपासून साधारण १४ अंश उत्तरेकडे आहे. ती सूर्यावरच्या कोणत्याही उलथापालथीने बदलत नाही. मोबाइलमधले अॅप भलती दिशा दाखवू लागले तर सूर्याला दोष देण्याआधी मोबाइलचे चुंबकाच्या बटणाचे कव्हर काढा आणि फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दोन-चार वेळा फिरवा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागते.

तो मजकूर पुन्हा आला, तर पुढे पाठवण्याआधी एकच प्रश्न विचारा: कुणाचे चुंबकत्व उलटले, पृथ्वीचे, सूर्याचे, की वाऱ्यातल्या दोराचे? उत्तर न देता आले तर मजकूर तिथेच थांबवा. दोराचा प्रयोग ज्या मुलामुलींनी केला असेल त्यांनी एक गोष्ट करून पाहावी. दोर आधी सैल, मग ताणून धरून झटका द्यावा. घडी केव्हा वेगाने पळते आणि का, ते चार ओळींत लिहून आम्हाला पाठवावे. उर्दूत लिहिले तरी चालेल. पुढच्या अंकात त्यावरच बोलू.